माशाच्या पोटात पांढरी पट्टी सापडली तर? पाणपक्ष्यांच्या पट्टकृमीची सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

एरवी मी इथे मोबाइल, ॲप आणि सरकारी पोर्टल यांच्याबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण मोबाइलशी त्याचाही संबंध आहेच. मी ढाणकीचा, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्याचा. आमच्याकडे मासोळी म्हटलं की तलाव, शेततळं आणि पैनगंगेचे डोह. मासा चिरताना पोटातून लांब, पांढरी, रिबिनीसारखी पट्टी निघाली, की आजकाल पहिलं काम ठरलेलं असतं: फोटो काढायचा आणि फोटो ओळखणाऱ्या ॲपला विचारायचं. ॲप म्हणतं ‘टेपवर्म’. पुढे सर्च केलं की डुकराच्या मांसातून मेंदूत जाणाऱ्या कृमीची भीतीदायक माहिती समोर येते. तो फोटो गावच्या ग्रुपवर गेला, की त्या तलावाची मासोळी कोणी घेत नाही.

या सगळ्यात नुकसान होतं ते मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचं. म्हणून ही पट्टी काय असू शकते, ती येते कुठून, माणसाला तिचा धोका किती आणि तलावात काय करू नये, हे आज नीट समजून घेऊया.

## थोडक्यात उत्तर

- माशाच्या पोटाच्या पोकळीत सापडणारी लांब पांढरी पट्टी ही पाणपक्ष्यांच्या पट्टकृमीची अळी असू शकते. या गटातलं सर्वात अभ्यासलेलं नाव म्हणजे लिगुला इंटेस्टिनॅलिस.
- हा कृमी प्रौढ होतो तो पक्ष्याच्या आतड्यात. मासा ही त्याची मधली मुक्कामाची जागा.
- माणसाला लिगुला झाल्याच्या नोंदी जगभरात अत्यंत दुर्मिळ आहेत. साफ करून नीट शिजवलेला मासा खाल्ल्याने तो होत नाही.
- फोटोवरून प्रजाती ठरत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए तपासणी लागते.
- तलावात जंताचं औषध ओतणं हा उपाय नाही. त्यात मासेच मरू शकतात.

## पट्टकृमी म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या पुस्तकात आपण चपट्या कृमींचा संघ शिकलो. प्लॅनेरिया, लिव्हरफ्लूक आणि पट्टकृमी ही त्यातली उदाहरणं. पट्टकृमीला तोंड नसतं आणि अन्ननलिकाही नसते. तो ज्याच्या आतड्यात राहतो, त्याने पचवलेलं अन्न हा स्वतःच्या कातडीतून शोषतो. या कातडीवर अतिसूक्ष्म केसांसारखे उंचवटे असतात, त्यामुळे शोषणाची जागा कितीतरी वाढते.

ज्याच्या शरीरात परजीवी राहतो त्याला पोशिंदा म्हणतात. पट्टकृमीला सहसा एकाहून जास्त पोशिंदे लागतात. एकात तो लहानपण काढतो, दुसऱ्यात प्रौढ होऊन अंडी घालतो. कृमी किती लांब आहे यावर आपला धोका ठरत नाही. तो कोणाच्या शरीरात प्रौढ होऊ शकतो, यावर ठरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धी भीती कमी होईल.

लिगुलाचं शास्त्रीय वर्णन जुनं आहे. लिनियसने १७५८ साली त्याला नाव दिलं. पट्टकृमीच्या अंगावर सहसा रेल्वेच्या डब्यांसारखे ठळक तुकडे दिसतात. माशातल्या लिगुलावर मात्र ते बाहेरून स्पष्ट दिसत नाहीत. तो सपाट, पांढुरका, जाडसर फितीसारखा दिसतो. डोक्याकडे चूषक किंवा आकड्यांऐवजी दोन उथळ खाचा असतात.

## जीवनचक्र: पाणी, सायक्लॉप्स, मासा, पक्षी

१. पाण्यात अंडी. पाणकावळा, बगळा, टिबुकली यांसारख्या मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून केसाळ, गोल, पोहणारी सूक्ष्म अळी बाहेर येते. तिच्याकडे वेळ फार थोडा असतो.

२. सायक्लॉप्सच्या पोटात. त्या अळीला सायक्लॉप्ससारखा जलजीव गिळतो. सायक्लॉप्स हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना अनोळखी नाही. नारू पसरायचा तो याच गटातल्या जीवांमुळे. नारूचा कृमी हा गोलकृमी, त्याचा लिगुलाशी काही संबंध नाही. पण दोघांनीही वाहन म्हणून तोच पाण्यातला ठिपका वापरला. पाणी फडक्याने गाळून प्या आणि पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, ही शिकवण त्यासाठीच होती. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

३. माशाच्या पोटात. मासा हा सायक्लॉप्स खातो. अळी माशाचं आतडं भेदून पोटाच्या पोकळीत येते आणि तिथे वाढत जाते. सुरुवातीला डोळ्याला न दिसणारा जीव काही सेंटीमीटरपासून वीतभर किंवा त्याहूनही लांब होतो. छोट्या माशाचं पोट यामुळे फुगलेलं दिसतं. लिगुला मुख्यतः कार्प कुळातल्या माशांत आढळतो. आपले कटला, रोहू, मृगळ याच कुळातले. यातला कटला वरच्या थरातले प्राणीप्लवक खातो, आणि सायक्लॉप्स हेही प्राणीप्लवकच.

४. पक्ष्याच्या आतड्यात. पक्ष्याने मासा गिळला की खेळ भराभर संपतो. माशात महिनोन्‌महिने राहिलेला कृमी पक्ष्यात दोन-तीन दिवसांत प्रौढ होतो, अंडी घालतो आणि साधारण आठवड्याच्या आत संपतो. इतक्या थोड्या काळात पक्ष्याला फारसा त्रास होत नाही. खरी झीज होते ती माशाची.

## उष्णतेचं बटण: प्रयोगशाळेतला एक सुंदर प्रयोग

माशात इतके दिवस शांत बसलेला कृमी पक्ष्यात जाताच जागा कसा होतो? जे. डी. स्मिथ या परजीवीशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात याचं उत्तर शोधलं. त्याने माशातून काढलेल्या अळ्या निर्जंतुक नळीत, पोषक द्रवात ठेवल्या आणि तापमान ४० अंश सेल्सियसवर नेलं. पक्ष्याच्या शरीराचं तापमान साधारण ४० ते ४२ अंश असतं. पक्षी नाही, आतडं नाही, फक्त ऊब, आणि अळ्या काही दिवसांतच प्रौढ होऊन अंडी घालू लागल्या. लिगुलावरचं हे काम १९४७ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे लागणारं बरंचसं सामान कृमी माशातच गोळा करून ठेवतो. पक्षी फक्त बटण दाबतो. शरीराबाहेर पट्टकृमी वाढवण्याच्या तंत्राचा पाया ज्या प्रयोगांनी घातला, त्यांतला हा एक महत्त्वाचा प्रयोग.

## माशाची वीण बंद करणारा पाहुणा

माझ्या मते या विषयातला सर्वात विलक्षण भाग हाच आहे. लिगुला असलेल्या माशाचे अंडाशय किंवा वृषण वाढत नाहीत. मासा जिवंत असतो, खातो, पोहतो, पण वीण देत नाही. कृमीने जागा अडवली म्हणून असं होतं, असं आधी वाटायचं. पण सी. आर्मे यांनी १९६८ साली रोच या युरोपी माशावर केलेल्या कामात माशाच्या पियुषिका ग्रंथीतच बदल दिसले. प्रजननाचा हुकूम जिथून सुटतो, त्या मेंदूखालच्या ग्रंथीवरच ब्रेक लागलेला होता. कृमीच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. माशाने अंड्यांवर खर्च करायची ताकद वाचते आणि ती कृमीला मिळते.

आता याची दुसरी बाजू पाहा. आपले कटला, रोहू, मृगळ बंद तलावात सहसा वीण देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. मग तलावात सोडायचं मत्स्यबीज कुठून येतं? हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घेतली. तोच दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. ज्या ग्रंथीला कृमी गप्प करतो, त्याच ग्रंथीच्या अर्काने माणसाने माशाला बोलतं केलं. हॅचरीतून येणारं जिरं आणि बोटुकली ही त्या शोधाची देणगी.

यातून कामाची गोष्टही निघते. मत्स्यबीज विकत आणून तलावात सोडत असाल, तर असा कृमी तुमची वीण बंद पाडत नाही, कारण तिथे वीण होतच नव्हती. नुकसान होतं ते वाढीचं, वजनाचं आणि गिऱ्हाईक बिचकण्याचं. नदीत स्वतः वीण देणाऱ्या छोट्या माशांचं गणित वेगळं. तिथे वीण थांबली तर पुढच्या वर्षी मासेच कमी होऊ शकतात.

## आजारी मासा पक्ष्यालाच आधी का सापडतो?

लिगुला असलेला मासा पृष्ठभागाजवळ आणि काठाजवळ जास्त रेंगाळतो, पळतोही मंद. नेदरलँडमध्ये व्हान डोबेन यांनी पाणकावळ्यांच्या अन्नाचा अभ्यास केला आणि तो १९५२ साली प्रसिद्ध झाला. पाणकावळ्यांनी पकडलेल्या रोच माशांत सुमारे ३० टक्के माशांना लिगुला होता. त्याच पाण्यातल्या एकूण रोच माशांत हे प्रमाण जेमतेम ६.५ टक्के होतं. म्हणजे पक्षी कृमीवाले मासे कितीतरी जास्त प्रमाणात उचलत होते.

म्हणून ‘पाणकावळ्यांमुळेच कृमी येतो, त्यांना हाकला किंवा मारा’ हा विचार अर्धवट आहे. पक्षी अंडी आणतो हे खरं. पण दुबळे मासे पाण्यातून उचलून नेतो तोही पक्षीच. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार या पक्ष्यांना मारणं गुन्हा आहे. आमच्या भागात तर पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. पाणपक्षी इथे राहणारच आहेत. आपली पद्धत आपण बदलायची.

## फोटोवरून ओळख का पटत नाही?

या कामात आपल्या विदर्भ-मराठवाड्याचं नाव जुनं आहे. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधले एम. ए. मोघे यांनी १९२५ साली कबुतर कुळातल्या भारतीय पक्ष्यांमधल्या दोन नव्या पट्टकृमींचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे १९३४ साली एन. बी. इनामदार यांच्यासोबत त्यांनी भारतीय पक्ष्यांतल्या आणखी पट्टकृमींवर लिहिलं. दरम्यान १९३० साली साउथवेल यांचे भारतातल्या पट्टकृमींवरचे दोन खंड निघाले. नंतर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मासे, पक्षी आणि जनावरांतल्या पट्टकृमींचा मोठा अभ्यास उभा केला. वाम माशातल्या एका कृमीला शिंदे आणि जाधव यांनी १९८० साली गोदावरीवरून ‘सेंगा गोदावरी’ असं नाव दिलं.

ही मंडळी काम कशी करायची? कृमी आतड्यातून अलगद सोडवायचा, काचपट्ट्यांमध्ये सपाट करायचा, रंगद्रव्यात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेरा ल्युसिडा या उपकरणाने एकेका अवयवाचं चित्र हाताने काढायचं. चूषक, आकडे, वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार, हे सगळं मोजून मग नाव.

एवढं करूनही ओळख चुकू शकते. मागूर माशातल्या अखंड पट्टकृमींना भारतात कितीतरी नावं दिली गेली होती, इतकी की कोणतं नाव कोणाचं हेच कळेना. २०११ साली झालेल्या काटेकोर फेरतपासणीत त्यातल्या जेमतेम आठ प्रजाती खऱ्या ठरल्या. उलट लिगुलाच्या बाबतीत डीएनएने दुसरंच दाखवलं. एकाच नावाखाली जगभर अनेक वेगवेगळे वंश लपलेले निघाले. डोळ्याला सगळे सारखेच दिसतात.

आता तुम्हीच सांगा, जिथे सूक्ष्मदर्शक हातात असलेल्या तज्ज्ञांची ही गत, तिथे मोबाइलच्या फोटोवर ॲप काय नाव सांगणार? ॲप ‘पट्टीसारखा कृमी’ एवढं फार तर बरोबर सांगेल. प्रजाती, पोशिंदा आणि धोका हे फोटोत नसतं. म्हणून आपल्या तलावातल्या माशात पट्टी निघाली, तर ती ‘लिगुलाच आहे’ असंही परस्पर जाहीर करू नका.

## पोटात पट्टी दिसली तर काय करायचं?

आधी नीट पाहा:

- सपाट, पांढरी, रिबिनीसारखी आणि पोटाच्या पोकळीत मोकळी असेल, तर पट्टकृमीची अळी असण्याची शक्यता.
- गोल, सुतळीसारखी, गुंडाळी झालेली असेल, तर गोलकृमी.
- पिवळसर, दाणेदार पिशवी असेल तर ती माशाची अंडी, म्हणजे गाभोळी.
- पारदर्शक, हवेने भरलेली पिशवी असेल तर तो माशाचा वाताशय. मासा पाण्यात तरंगतो तो त्यामुळे.

मग हे करा:

१. माशाचं पोट साफ करून आतला सगळा भाग काढून टाका. मांस स्वच्छ धुवा.

२. मासा आतपर्यंत शिजवा. आतलं तापमान ६३ अंश सेल्सियसपर्यंत गेलं की माशातले असे परजीवी मरतात. आपला रस्सा खळखळ उकळतो तेव्हा तो याच्या खूप वर असतो. अर्धवट भाजलेला मासा मात्र टाळा.

३. घाण तलावात किंवा काठावर टाकू नका. बगळे, कावळे, कुत्री ती खातात आणि चक्र चालू राहतं. खड्डा करून पुरा.

४. एकाच तलावात पुन्हा पुन्हा असे मासे निघत असतील, तर अख्खा मासा बर्फात ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे मत्स्य विज्ञान महाविद्यालयही आहे. तज्ज्ञ आकार जपण्यासाठी फॉर्मेलिन आणि डीएनएसाठी अल्कोहोल वापरतात. घरी काही ओतायची गरज नाही.

तलाव किंवा शेततळं चालवणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवून उन्हात तापू द्या आणि पाणी भरण्याआधी चुना मारा. त्याने सायक्लॉप्सची साखळी तुटते. शेततळ्यावर दोऱ्या किंवा जाळी ताणली तर पक्षी कमी उतरतात. बोटुकली विश्वासाच्या ठिकाणाहून घ्या, आणि सोडण्याआधी फुगलेल्या पोटाची पिल्लं दिसतात का ते पाहा.

हे करू नका: दुकानातून जंताचं औषध आणून पाण्यात ओतू नका. पट्टकृमीवर चालणारं निक्लोसामाइड हे औषध माशांना विषारी आहे. कृमी माशाच्या पोटात सुरक्षित राहील आणि तलाव मात्र रिकामा होईल.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डुकराच्या मांसातून होणारा पट्टकृमी तो हाच का?
नाही. तो टीनिया सोलियम. तो माणसाच्याच आतड्यात प्रौढ होतो, म्हणून धोकादायक. त्याची अंडी दूषित पाणी किंवा कच्च्या भाजीतून पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट येऊ शकतात. माशातल्या पट्टीचा त्याच्याशी संबंध नाही.

माशातून माणसाला होणारा पट्टकृमी असतो का?
असतो. डायफिलोबोथ्रियम नावाचा. तो मुख्यतः थंड प्रदेशात, कच्चा किंवा अर्धकच्चा गोड्या पाण्यातला मासा खाणाऱ्यांना होतो. त्याच्यामुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. शिजवलेल्या माशातून तोही होत नाही.

फ्रीजमध्ये ठेवल्याने कृमी मरतो का?
खालच्या कप्प्यात नाही. उणे २० अंश सेल्सियसला सलग ७ दिवस लागतात, आणि घरच्या फ्रीजरमध्ये एवढी थंडी टिकेलच असं नाही. आपल्यासाठी शिजवणं हाच खात्रीचा मार्ग.

शाळेत मिळणारी जंताची गोळी यावर चालते का?
राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना मिळणारी अल्बेंडाझोल गोळी मुख्यतः मातीतून होणाऱ्या गोलकृमींसाठी आहे. ती जरूर घ्या, पण माशाच्या भीतीने मनाने जास्तीच्या गोळ्या खाऊ नका. शौचातून पट्टीचे तुकडे दिसले तर डॉक्टरांकडे जा.

घरच्या कोंबड्यांच्या विष्ठेतही पांढरे तुकडे दिसतात, ते हेच का?
नाही. कोंबड्यांत बहुतेक वेळा रायलिएटिना गटाचे पट्टकृमी असतात आणि ते मुंग्या, भुंगेऱ्यांमार्फत होतात. पाण्याशी त्यांचा संबंध नाही. औषध पशुवैद्यकाला विचारून द्या.

आणि शेवटचा, सर्वात जास्त येणारा प्रश्न: मासा फेकून द्यायचा की खायचा?
मासा ताजा असेल, मांस घट्ट आणि वास चांगला असेल, तर पोट साफ करून, नीट शिजवून खाता येतो. मांसातच गाठी, जखमा किंवा अळ्या दिसत असतील तर तो टाकून द्या.

पट्टी दिसली तर फोटो जरूर काढा. पण तो ग्रुपवर टाकण्याआधी पशुवैद्यकाला किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला दाखवा. त्या तलावावर कोणाचं तरी घर चालतं.